पोलादपूरचा रस्ता मुंबईवरूनच का जावा?

विश्वचषक आला की एक तक्रार पुन्हा कानावर येते. चार वेळा जग जिंकलेला इटलीचा संघ २०१८ मध्ये रशियाला गेला नाही, २०२२ मध्ये कतारला गेला नाही. आणि त्याच स्पर्धांत पनामा खेळला, सौदी अरेबिया खेळला, यजमान म्हणून कतारही खेळला. २०२६ पासून तर आशियाला आठ थेट जागा, आफ्रिकेला नऊ, आणि ओशनियालाही हक्काची एक. हे खंडांचे वाटे बंद करा, फिफाच्या क्रमवारीतले पहिले ४८ संघ घ्या आणि खेळवा, गुणवत्ता म्हणजे गुणवत्ता, असा हा युक्तिवाद. युरोपातल्या क्लबांचे पुढारी तो करतात, समालोचक करतात, आणि रात्र रात्र जागून सामने बघणारी आपली महाड-पोलादपूरची पोरंही करतात.

पोरांच्या तोंडून तो ऐकला की मला अधिक लागतो, कारण तो त्यांच्याच मुळावर येणारा आहे. रायगड जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांत पोलादपूर हे शेवटचं टोक. कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी, आंबेनळी चढून गेलं की सातारा. इथल्या शाळेच्या संघाला राज्य पातळीवर फुटबॉल खेळायचा असेल तर आधी तालुका जिंकायचा, मग जिल्हा, मग मुंबई विभाग. मुंबई विभाग म्हणजे मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, आणि शिवाय महानगरपालिकांचे वेगळे संघ. एवढ्या सगळ्यांतून एकच संघ राज्याला जातो. आशिया-आफ्रिकेला साठ वर्षांपूर्वी विश्वचषकाच्या दारात जे मिळत होतं, ते पोलादपूरला आज मिळतं आहे. म्हणून हा वाद मी दूरदेशीचा समजत नाही, आणि म्हणून त्याला नीट, मुद्द्याला मुद्दा लावून उत्तर द्यायचं आहे.

आधी इटलीचंच बघू, कारण सगळी सहानुभूती तिथेच गोळा होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये इटलीचा संघ स्टॉकहोममध्ये स्वीडनकडून ०-१ हरला आणि मिलानला परतल्यावर त्याला ९० मिनिटांत एकही गोल करता आला नाही. मार्च २०२२ मध्ये पालेर्मोत, आपल्याच प्रेक्षकांसमोर, उत्तर मॅसिडोनियाने त्याला ऐन शेवटच्या क्षणी गोल करून बाहेर काढलं. यात आशिया कुठे आला? आफ्रिका कुठे आली? इटलीची जागा पनामाने घेतली नाही, सौदीनेही घेतली नाही. ती युरोपातल्याच शेजाऱ्यांनी मैदानावर जिंकून घेतली. त्या दोन्ही स्पर्धांत ३२ पैकी १३ थेट जागा एकट्या युरोपच्या होत्या. रशिया यजमान होता म्हणून २०१८ मध्ये तर युरोपचे १४ संघ खेळले. तेरा जागांमध्ये ज्याला बसता आलं नाही, त्याच्या वतीने चौदावी जागा दुसऱ्या खंडाकडून मागायची आणि त्या मागणीला गुणवत्तेचं नाव द्यायचं, हे मला मान्य नाही.

दुसरं, 'कोटा' हा शब्द नेहमी आशिया-आफ्रिकेलाच का चिकटवला जातो? विश्वचषकातली यजमान सोडून जवळपास प्रत्येक जागा खंडाच्या वाट्याची आहे. २०२६ साठी युरोपला १६ जागा, हाही कोटाच. दक्षिण अमेरिकेत संघ अवघे दहा आणि थेट जागा सहा. सातव्यालाही आंतरखंडीय प्लेऑफची संधी. म्हणजे दहातले सहा थेट आत. आशियाच्या महासंघात ४६-४७ सदस्य, जागा आठ. आफ्रिकेत ५४, जागा नऊ. युरोपात ५५, जागा सोळा. प्रमाण काढून पाहा: दक्षिण अमेरिका साठ टक्के, युरोप एकोणतीस, आशिया आणि आफ्रिका सतरा-सतरा टक्क्यांच्या आसपास. दक्षिण अमेरिकेचा दर्जा थोर आहे यात वाद नाही. ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे यांनी तो मिळवला आहे. पण तिथला सहावा संघ आत जातो तो त्या दर्जाच्या सावलीतून, आणि त्याला कुणी खैरात म्हणत नाही. सवलत फक्त दुबळ्याच्या हातात दिसते आणि सबळाच्या हातात ती दिसेनाशी होते. गुणवत्तेची बाजू घेणाऱ्यांनी आधी एवढं तरी मान्य करावं.

आता त्यांच्या उपायाकडे येतो: क्रमवारी. ऐकायला ती निखळ वाटते. गणित आहे, माणसाचा हात नाही. पण क्रमवारीचे गुण मिळतात कसे, हे कुणी बघत नाही. २०१८ पासूनच्या पद्धतीत नेहमीच्या मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन १०, पात्रता सामन्याचं २५, आणि विश्वचषकातल्या सुरुवातीच्या सामन्यांचं ५०, उपांत्यपूर्व फेरीपासून ६०. शिवाय मुख्य स्पर्धेच्या बाद फेरीत हरलात तरी गुण कापले जात नाहीत. म्हणजे जो आत गेला त्याला वर चढायला शिडी, आणि जो बाहेर राहिला त्याला जमिनीवरच्या उड्या. त्यात २०१८ मध्येच युरोपने आपली नेशन्स लीग सुरू केली. जे मोकळे दिवस पूर्वी इतर खंडांच्या संघांशी मैत्रीपूर्ण सामने खेळायला सापडत, ते युरोपचे संघ आता एकमेकांत घालवतात. बलवानाला हरवल्याशिवाय वर जाता येत नाही आणि बलवान तुमच्याशी खेळायला मोकळा नाही. अशा क्रमवारीवर जागा वाटायच्या म्हणजे लावणीच्या आधीच कणसाचं वजन मागायचं.

या वादात इतिहास फार बोलका आहे, आणि तो सोयीने विसरला जातो. म्हणून त्यावर जरा थांबतो.

१९५८ च्या विश्वचषकासाठी आशिया आणि आफ्रिका या दोन खंडांना मिळून एक जागा होती. तुर्कस्तान, इंडोनेशिया, इजिप्त, सुदान यांनी राजकीय कारणांनी इस्रायलशी खेळायला नकार दिला आणि इस्रायलचा संघ एकही सामना न खेळता पात्र ठरायची वेळ आली. फिफाचा नियम असा की यजमान आणि गतविजेता सोडून कुणीही न खेळता येऊ नये. मग काय केलं? युरोपात आपापल्या गटात मागे पडलेल्या संघांतून एक प्रतिस्पर्धी काढला: वेल्स. वेल्सने इस्रायलला दोन्ही सामन्यांत २-० असं हरवलं आणि तो स्वीडनला गेला. म्हणजे दोन खंडांना मिळून जी एक जागा होती ती युरोपात गट न जिंकलेल्या संघाकडे गेली. आज 'आमची जागा त्यांनी घेतली' असं म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

त्यानंतर १९६६. सोळा संघांत दहा युरोपचे, चार दक्षिण अमेरिकेचे, एक मेक्सिको. उरलेली एक जागा आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तीन खंडांची. आफ्रिकेतल्या पात्रता फेऱ्या जिंकूनही आफ्रिकी विजेत्याला पुढे आशियाच्या विजेत्याशी झुंजावं लागणार होतं. घानाचे ओहेने ड्यान यांनी फिफात आवाज उठवला, क्वामे न्क्रुमा यांचं सरकार पाठीशी होतं, आणि आफ्रिकेने एकजुटीने स्पर्धेवर बहिष्कार घातला. हा बहिष्कार चालला असताना ती एकुलती जागा उत्तर कोरियाने जिंकली. नॉम पेन्हला ऑस्ट्रेलियाला दोनदा हरवून हा संघ इंग्लंडला पोचला आणि १९ जुलै १९६६ ला मिडल्सबरोत त्याने एका बलाढ्य संघाला १-० ने स्पर्धेबाहेर काढलं. गोल पाक डू-इकचा. तो बलाढ्य संघ इटलीचा होता. पुढे उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध उत्तर कोरिया ३-० ने पुढे होता. युसेबिओने एकट्याने चार गोल केले तेव्हा कुठे पोर्तुगाल ५-३ ने सुटला. तीन खंडांना मिळून जिथे एक दार होतं, त्या दारातून आलेल्या संघाने हे केलं. इतर दारं बंद होती म्हणून किती संघ दिसलेच नाहीत, याचा हिशेब गुणवत्तावाले कधी मांडणार?

बहिष्काराचं फळ १९७० मध्ये मिळालं. आफ्रिकेला स्वतःची एक जागा. त्या जागेवर मेक्सिकोला गेलेला पहिला संघ मोरोक्कोचा. एकही सामना न जिंकता तो परतला. तेव्हाही म्हणणारे म्हणालेच असतील की जागा वाया गेली. त्याच मोरोक्कोने २०२२ मध्ये स्पेनला बाहेर काढलं, पोर्तुगालला १-० ने हरवलं आणि उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी संघ ठरला. मध्ये ५२ वर्षं गेली, आणि त्या काळात आफ्रिकेच्या जागा एकाच्या दोन, दोनाच्या तीन, तिनाच्या पाच झाल्या. १९८२ मध्ये दोन झाल्या त्याच वर्षी अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवलं आणि कॅमेरून एकही सामना न हरता घरी परतला. प्रत्येक वाढीव जागेच्या वेळी दर्जा घसरेल असं सांगितलं गेलं आणि प्रत्येक वेळी त्या जागेने उत्तर दिलं.

दक्षिण कोरियाचा दाखला आपल्याला तर टोचायलाच हवा. १९५० मध्ये इतरांनी माघार घेतल्यामुळे भारताला ब्राझीलच्या विश्वचषकात जागा मिळाली होती. आपण गेलो नाही. १९५४ मध्ये, युद्धबंदीला वर्षही झालेलं नसताना, दक्षिण कोरियाचा संघ स्वित्झर्लंडला गेला. हंगेरीने त्याच्यावर नऊ गोल केले, तुर्कस्तानने सात. आपण गेलो नव्हतो, तरी तेव्हा त्यांच्या मागे नव्हतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात आपण याच दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण घेतलं. १९८६ मध्ये आशियाला दोन जागा होत्या. त्यातली एक कोरियाने घेतली आणि तेव्हापासून तो एकाही विश्वचषकाला चुकलेला नाही. २००२ मध्ये घरच्या मैदानावर तर तो उपांत्य फेरीत होता. यामागे त्यांची १९८३ ची व्यावसायिक लीग आहे, पैसा आहे, शिस्त आहे, हे सगळं खरं. पण लीग काढणाऱ्याला समोर पोचण्याजोगं दार दिसावं लागतं. नऊ गोल खाल्लेल्या संघाला पुन्हा येऊ नका असं सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नऊ गोलांचा विषय निघालाच आहे तर तोही संपवू. मोठ्या फरकाने हरणं हा जर जागा काढून घेण्याचा निकष असेल, तर २०१४ मध्ये ब्राझीलने बेलो होरिझोंतेला, घरच्या उपांत्य सामन्यात, जर्मनीकडून सात गोल खाल्ले. ती जर्मनी पुढच्या दोन्ही विश्वचषकांत गटातच गारद झाली. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाकडून, २०२२ मध्ये जपानकडून हरली. कुणी म्हणालं नाही की युरोपची एक जागा कापा. आणि म्हणू नयेच. हरणं हा खेळाचा भाग आहे. माझं मागणं एवढंच की हरण्याचा हा हक्क सगळ्यांना सारखा असावा.

४८ संघांच्या स्पर्धेवरचे काही आक्षेप मला पटतात. बारा गटांतून तिसऱ्या क्रमांकाचेही आठ संघ पुढे जाणार असतील तर पहिल्या फेरीची धार बोथट होते. १०४ सामने खेळाडूंच्या शरीरावर भारी पडतात. २०१७ मध्ये फिफाने हा निर्णय घेतला तो न्यायाच्या ओढीने घेतला असंही मी मानत नाही. जास्त सामने म्हणजे जास्त पैसा, आणि फिफात २११ सदस्यांना प्रत्येकी एक मत आहे. युरोपातल्या क्लबांच्या संघटनेने तेव्हा विरोध केला तोही त्यांच्या हिशेबाने बरोबरच होता, खेळाडू त्यांचे असतात. पण हेतूवरून फळाची किंमत ठरत नाही. उझबेकिस्तान, जॉर्डन, केप व्हर्दे, क्युरासाव हे संघ २०२६ साठी पहिल्यांदा पात्र ठरले. २०२२ मध्ये गटातच बाद झालेल्या संघाच्या महासंघालाही ९० लाख डॉलर मिळाले होते, तयारीसाठी १५ लाख वेगळे. ही रक्कम इटलीच्या महासंघाला किरकोळ असेल. केप व्हर्देसारख्या बेटांच्या देशात तिच्यातून मैदानं होतात, प्रशिक्षक घडतात.

आणि ज्यांना वाटतं की जागा वाढल्या म्हणजे कुणीही उठून आत जातं, त्यांनी आपल्याकडेच बघावं. आशियाला आठ जागा असूनही भारत २०२६ च्या पात्रतेत दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, कोलकात्यात सुनील छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली, दोह्यात कतारकडून हरलो. वाट्याची जागा म्हणजे फुकटची जागा असती तर आपण केव्हाच पोचलो असतो. खंडाला दिलेली जागा खंडात लढूनच मिळवावी लागते.

क्युरासावचं उदाहरण मात्र वेगळं घ्यायला हवं, कारण ते आपल्या गावांना थेट भिडतं. सुमारे दीड लाख वस्तीचं हे बेट. विश्वचषकाला पात्र ठरलेला आजवरचा सर्वांत लहान देश. २०११ च्या जनगणनेत महाड तालुक्याचीच वस्ती त्याहून जास्त होती. टीकाकार म्हणतात, त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथेच शिकलेले, शिवाय उत्तर-मध्य अमेरिकेतले तिन्ही मोठे देश यजमान म्हणून बाजूला होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिल्या गोष्टीकडे कोकणातून बघा. पोलादपूर-महाडच्या वाड्यावाड्यांतून पिढ्यानपिढ्या माणसं मुंबईला गेली. गिरणगावातल्या कबड्डीच्या संघांना अंगबळ दिलं ते या चाकरमान्यांनी आणि त्यांच्या पोरांनी. ती पोरं खेळली, जिंकली, आणि त्यांचं नाव मुंबईच्या खात्यावर जमा झालं. क्युरासावने आपली परगावी वाढलेली पोरं नावानिशी परत मागितली आणि ती आली. आमच्या तालुक्यांना ते मागण्याची सोयच नाही. त्यांची माणसं जातात मुंबईला, आणि मग त्यांनाच सांगितलं जातं की मुंबईला हरवून दाखवा, तरच पुढे जा.

तर आता घरच्या मैदानावर येतो.

शालेय स्पर्धांत राज्याचे आठ विभाग आहेत. कागदावर हे समान वाटप दिसतं: प्रत्येक विभागाला एक जागा. पण विभाग समान नाहीत. मुंबईच्या शाळांच्या क्रीडा संघटनेची स्थापना १८९३ ची. आझाद मैदानावर शाळाशाळांच्या लीग चालतात, त्यांच्या वेगवेगळ्या श्रेणी आहेत. मुंबईचा मुलगा विभागाच्या सामन्यात उतरतो तेव्हा हंगामभर सामने खेळून, कृत्रिम गवतावर पाय घोटून आलेला असतो. आमच्याकडे सावित्रीच्या खोऱ्यात सपाट जागा सापडली की तिथे भाताचं खाचर असतं. शाळेचं मैदान म्हणजे डोंगराच्या पोटाशी कापून काढलेला तुकडा, आणि शालेय सामन्यांचा हंगाम ऐन पावसाचा, चिखलाचा. तालुक्यात फुटबॉलचे संघच मोजके, त्यामुळे तालुका जिंकायलाही फार सामने मिळत नाहीत. जिल्हा क्रीडा संकुल अलिबागजवळ नेहुलीला; पोलादपूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. एवढं करून जिल्हा जिंकला, की बाद पद्धतीच्या सामन्यात समोर महानगराची शाळा. एक सामना, आणि वर्ष संपलं.

हा संघ तिथे हरला म्हणजे त्याची गुणवत्ता कमी, असं कुणी म्हणालं तर मी विचारेन, मोजली कधी? लातूर विभागातला, अमरावती विभागातला तेवढ्याच ताकदीचा संघ राज्याला जाऊन चार नवे संघ बघून येतो. आमचा जात नाही, कारण तो मुंबईच्या विभागात आहे. विभागाची रेषा कुणी, कशी ओढली यावर निकालाचा मोठा भाग ठरतो. जगातही हेच आहे. ओशनियात अमेरिकन सामोआवर ३१ गोल करूनही दर वेळी शेवटच्या प्लेऑफमध्ये नशीब अजमावावं लागणारा ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये उठून आशियात गेला. कझाकस्तानने आशिया सोडून युरोप धरला. इस्रायल युरोपात खेळतो. गयाना आणि सुरिनाम दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर असून उत्तर-मध्य अमेरिकेच्या महासंघात आहेत. देशांना रेषा बदलून मागता येते. पोलादपूरच्या शाळेला कोण विचारतं? घाट चढला की सातारा, कोल्हापूर विभाग. पण आमचा सामना मुंबईशी.

कबड्डीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. राज्य कबड्डी संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धेत जिल्ह्याचा संघ थेट उतरतो. रायगडला मुंबई शहराशी झुंजायचं असेल तर ते राज्याच्या मैदानावर. राज्याला पोचण्यासाठी मुंबईची परवानगी लागत नाही. आणि कबड्डीत रायगडचा दबदबा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. एवढ्यावरून सगळं सिद्ध झालं असा माझा दावा नाही. कबड्डीला गवत लागत नाही, बूट लागत नाहीत, तिची परंपरा जुनी आहे. शाळेतल्या कबड्डीलाही विभागाची पायरी आहेच, आणि फुटबॉल संघटनेच्याही आंतरजिल्हा स्पर्धा असतात. पण खेड्यातल्या मुलासाठी पहिला आणि बहुधा एकमेव रस्ता शाळेचा असतो, आणि मातीतला खेळ असूनही कबड्डी टिकली ती वर जाण्याचा रस्ता उघडा होता म्हणूनही.

गुणवत्ता विरुद्ध वाटा हा वाद महाराष्ट्राला नवा नाही, आणि प्रत्येक प्रादेशिक वाटा न्याय्य असतो असंही मी म्हणत नाही. वैद्यकीय प्रवेशातलं ७०:३० सूत्र आठवा. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना, तीस टक्के राज्यभरातल्यांना. ऐकायला विभागाचं हित. पण मराठवाड्यात महाविद्यालयंच कमी, म्हणून जागा कमी, म्हणून तिथल्या मुलांना इतर विभागांतल्या मुलांपेक्षा जास्त गुण आणूनही प्रवेश मिळेना. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ते सूत्र रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. त्यातून मी धडा असा घेतो: ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याच्या मापाने वाटा ठरवला की वाटासुद्धा अन्याय करतो. युरोपला सोळा जागा कारण तिथे आधीपासून फुटबॉल मोठा. मुंबईतूनच संघ जातो कारण तिथे आधीपासून मैदानं. माप बदलायला हवं, वाटा फेकून द्यायला नको.

राज्याला पोचणं म्हणजे नुसती हौस असंही कुणी समजू नये. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि ते वरच्या पातळीवरच्या कामगिरीवर मिळतं. जिल्ह्याच्या पलीकडे कधीच न गेलेल्या मुलाला त्या आरक्षणाचा उपयोग शून्य. म्हणजे विभागाच्या एका बाद सामन्यात त्याची शाळा हरते तेव्हा त्याच्या हातून चषकाहून बरंच काही जातं, आणि तेही खेळता येत नाही म्हणून गेलेलं नसतं.

उपाय अवघड नाहीत. एक तर फुटबॉलमध्ये प्रत्येक जिल्ह्याचा शालेय विजेता थेट राज्याला न्यावा आणि तिथे गट पाडावेत. ते लगेच जमत नसेल तर मुंबई विभागात महानगरपालिकांच्या हद्दीतले संघ आणि ग्रामीण तालुक्यांतले संघ यांचे दोन वेगळे अर्ध करावेत, आणि विभागातून दोन संघ राज्याला न्यावेत, दोन्ही अर्धांतून एकेक. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली आणि शालेय खेळांत तिचा वेगळा जिल्हा धरला जाऊ लागला. शहर वाढलं तर त्याच्यासाठी नवा दरवाजा निघतो; मग घाटाखालच्या तालुक्यांसाठी का निघू नये? आणि निदान एवढं तरी व्हावं की विभागाची पहिली फेरी साखळीची असेल, म्हणजे दक्षिण रायगडची पोरं इतका प्रवास करून आल्यावर त्यांना तीन सामने तरी मिळतील.

यावर दोन आक्षेप येणार. पहिला: पोलादपूरचा संघ राज्याला गेला तर दहा गोल खाऊन येईल. खाईल कदाचित. १९५४ चा कोरिया मी वर सांगितला आहे. दुसरा, खर्चाचा: इतक्या संघांच्या प्रवासाचा, राहण्याचा, जेवणाचा भार कोण उचलणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. आज हा खर्च बहुतेक वेळा क्रीडाशिक्षकाच्या खिशातून, पालकांच्या वर्गणीतून आणि एसटीच्या तिकिटातून होतो. वर जाणाऱ्या प्रत्येक पायरीला खेड्यातली शाळा शहरातल्या शाळेपेक्षा जास्त किलोमीटर मोजते. तेव्हा खर्च किती वाढेल यापेक्षा तो कुणी उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांवर सामाजिक जबाबदारीच्या निधीचं कायदेशीर बंधन आहे. त्यातला थोडा हिस्सा दोन तालुक्यांच्या शालेय संघांच्या प्रवासाला लावणं अशक्य नाही. राहिली आखणी. शालेय सामन्यांचं वेळापत्रक आणि गट दरवर्षी नव्याने ठरतात. क्रीडा संचालनालयाने मुंबई विभागाच्या फुटबॉलचे गट येत्या हंगामापासून वेगळे पाडावेत, आणि रायगडच्या लोकप्रतिनिधींनी ती मागणी जून उजाडण्याआधी लेखी द्यावी.